कंपनीने पक्षाला दिलेला पैसा: नावे कुठे, जमा कुठे

जमाखर्चाची वही लिहिणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं की प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. एकाकडे जे नावे पडतं तेच दुसऱ्याकडे जमा होतं. कंपनीने राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीचंही तसंच आहे. ती कंपनीच्या नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दिसायला हवी आणि पक्षाने निवडणूक आयोगाला दिलेल्या अहवालात देणगी म्हणून दिसायला हवी. नोंदी असणं, त्या लोकांना पाहता येणं आणि एकीशी दुसरी ताडून बघता येणं, या तिन्ही गोष्टी असतील तरच पारदर्शकता आहे असं म्हणता येतं. भारतात २०१८ पासून निवडणूक रोख्यांवरून जो वाद झाला तो मुख्यतः तिसऱ्या गोष्टीचा होता. नोंदी होत्या, त्या जोडणारा धागा काढून घेतला होता.

हा पैसा संचालकांच्या खिशातला नसतो. तो भागधारकांचा असतो, आणि भागधारक म्हणजे फक्त शेअर बाजारात रोज खरेदी-विक्री करणारे नव्हेत. म्युच्युअल फंडाची एसआयपी असलेला शिक्षक आणि ज्याचा पीएफ इंडेक्स फंडात गुंतवला जातो तो कारखान्यातला फिटर, दोघंही त्यात आले. तरीही आपल्याकडे देणगीसाठी भागधारकांची परवानगी लागत नाही. संचालक मंडळाचा ठराव पुरतो. ब्रिटनमध्ये ठरावीक रकमेच्या वर देणगी द्यायची तर भागधारकांची संमती आधी घ्यावी लागते. आपण तो रस्ता घेतला नाही, म्हणून आपल्याकडे सगळा भार देणगी दिल्यानंतरच्या जाहीर नोंदीवर येतो. ती नोंदच धुरकट असेल तर जाब विचारायला हातात काहीच उरत नाही.

कलम १८२ काय सांगतं

मूळ नियम कंपनी कायदा २०१३ च्या कलम १८२ मध्ये आहे. सरकारी कंपनीला देणगी देता येत नाही. स्थापन होऊन तीन आर्थिक वर्षं न झालेल्या कंपनीलाही देता येत नाही. बाकीच्या कंपन्यांना एका आर्थिक वर्षात सगळ्या पक्षांना मिळून, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. संचालक मंडळाच्या सभेत ठराव व्हावा लागतो. रोख चालत नाही. रेखांकित धनादेश, बँक ड्राफ्ट किंवा ऑनलाइन हस्तांतरण हेच मार्ग. नफा-तोटा पत्रकात एकूण रक्कम आणि पक्षाचं नाव द्यावं लागतं. नियम मोडला तर कंपनीला देणगीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. जबाबदार अधिकाऱ्याला तेवढाच दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मर्यादेचं गणित सोपं आहे. तीन वर्षांचा नफा १० कोटी, १४ कोटी आणि ६ कोटी असेल तर सरासरी १० कोटी आणि मर्यादा ७५ लाख. पण इथे 'नफा' म्हणजे सहसा वर्तमानपत्रात छापून येणारा करोत्तर नफा धरत नाहीत. तो याच कायद्यातल्या कलम १९८ प्रमाणे वेगळा काढतात आणि बाहेरच्या माणसाला सहज सापडत नाही. त्यावर एक आडवाट आहे. सीएसआरचा, म्हणजे कंपनीने सामाजिक कामांवर करायच्या खर्चाचा, दोन टक्क्यांचा हिशेबही याच कलमाच्या तीन वर्षांच्या सरासरीवर होतो आणि तो वार्षिक अहवालाच्या सीएसआर परिशिष्टात छापलेला असतो. तिथला सरासरी नफ्याचा आकडा घ्या आणि साडेसात टक्के काढा. फक्त दोन टक्क्यांची रक्कम दिलेली असेल तर तिला पावणेचारने गुणा. सीएसआर २० लाख असेल तर देणगीची मर्यादा ७५ लाखांच्या आसपास. सीएसआरच्या हिशेबातून काही लाभांश आणि परदेशी शाखांचा नफा वगळतात, त्यामुळे हा आकडा अंदाजाचा आहे. पण एखाद्या कंपनीने मर्यादेच्या दुप्पट दिलं असेल तर ते या अंदाजातही लपत नाही.

याच कलमातलं एक पोटकलम फार कमी लोक वाचतात. पक्षाच्या किंवा पक्षाच्या वतीने निघणाऱ्या स्मरणिकेत, पत्रकात, पुस्तिकेत कंपनीने जाहिरात दिली तर तो जाहिरातखर्च नसून राजकीय देणगी आहे. प्रकाशन पक्षाचं नसलं तरी पक्षाच्या फायद्याचं असेल तर तो राजकीय कामासाठी केलेला खर्च ठरतो. अधिवेशनाच्या, वाढदिवसाच्या, अमृतमहोत्सवाच्या गुळगुळीत कागदावरच्या स्मरणिका महाराष्ट्रात काही कमी निघत नाहीत. मलपृष्ठावरची रंगीत जाहिरात हिशेबात 'जाहिरात व प्रसिद्धी' या खात्यात गेली असेल तर ती चुकीच्या खात्यात गेलेली आहे. लेखापरीक्षकाने हे विचारायला हवं, भागधारकानेही.

छागलांचा इशारा

कंपन्यांनी पक्षांना पैसा द्यावा का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात १९५७ सालीच आला होता. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता आणि एका भागधारकाने त्याला हरकत घेतली होती. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी तेव्हाच्या कायद्याप्रमाणे बदलाला संमती कायम ठेवली. पण निकाल संपवताना त्यांनी संसदेचं लक्ष एका धोक्याकडे वेधलं: हा प्रकार वाढत जाईल आणि शेवटी लोकशाहीचा गळा आवळेल. न्यायाधीशाने निकाल एका बाजूने द्यावा आणि त्याच निकालात कायदा बदलण्याची गरज सांगावी, हे रोज घडत नाही.

पुढे १९६० मध्ये मर्यादा घातली गेली, १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली आणि सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांची मर्यादा आली. २०१३ मध्ये ती साडेसात टक्के झाली. बंदीच्या सोळा वर्षांत देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गरज तशीच राहिली, त्यामुळे पैसा थांबण्याऐवजी काळा झाला. बंदीपेक्षा उजेड बरा असं मानणाऱ्यांचा मुख्य आधार हाच अनुभव आहे, आणि तो खरा आहे.

निवडणूक रोखे: दोन याद्या आणि मधला क्रमांक

२०१७ च्या वित्त कायद्याने कलम १८२ मधली नफ्याची मर्यादा काढून टाकली आणि पक्षाचं नाव जाहीर करण्याची अटही काढली. तोट्यातली कंपनीही आता हवी तेवढी रक्कम देऊ शकत होती आणि नफा-तोटा पत्रकात नुसता एकूण आकडा लिहून मोकळी होत होती. दुसऱ्या बाजूला, निवडणूक रोख्यांतून, म्हणजे बँकेत विकत घेऊन पक्षाला द्यायच्या निनावी कागदांतून, आलेली देणगी पक्षांनी निवडणूक आयोगाला कळवायची गरज उरली नाही. म्हणजे नावे आणि जमा या दोन्ही नोंदींमधून समोरच्याचं नाव एकाच वेळी पुसलं गेलं.

जानेवारी २०१८ मध्ये रोख्यांची योजना अधिसूचित झाली. एक हजार, दहा हजार, एक लाख, दहा लाख आणि एक कोटी रुपयांचे रोखे स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत मिळत. रोखा १५ दिवसांत पक्षाच्या खात्यात वटवावा लागे, नाहीतर रक्कम पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीत जाई. रोख्यावर घेणाऱ्याचं नाव नसे. एक क्रमांक मात्र असे, साध्या डोळ्यांना न दिसणारा, अतिनील प्रकाशातच उमटणारा.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना आणि तिच्यासाठी केलेले कायद्यातले बदल घटनाबाह्य ठरवले. मतदाराला माहितीचा हक्क आहे, हा निकालाचा एक पाया. कंपन्यांना अमर्याद देणगीची मुभा देणं मनमानी आहे, हा दुसरा. साडेसात टक्क्यांची मर्यादा आणि पक्षाचं नाव जाहीर करण्याची अट या निकालाने परत आली.

यानंतर जे झालं ते नीट बघण्यासारखं आहे. १२ एप्रिल २०१९ पासूनची माहिती देण्याचा आदेश होता. स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. बँकेचं म्हणणं असं की त्या काळात २२,२१७ रोखे विकले गेले, घेणाऱ्यांची माहिती एकीकडे आणि वटवणाऱ्या पक्षांची दुसरीकडे ठेवलेली आहे, दोन्ही मोहोरबंद लिफाफ्यांतून मुंबईच्या मुख्य शाखेत जमा आहेत आणि त्यांची जुळणी करायला वेळ लागेल. ११ मार्चला न्यायालयाने मुदतवाढ नाकारली. १४ मार्चला निवडणूक आयोगाने दोन याद्या प्रसिद्ध केल्या. एका यादीत रोखे कोणी घेतले ते, दुसरीत कोणत्या पक्षाने वटवले ते. मध्ये जोडणारं काहीच नव्हतं.

पहिल्या यादीत सर्वांत वरचं नाव फ्यूचर गेमिंग अँड हॉटेल सर्व्हिसेस या लॉटरी व्यवसायातल्या कंपनीचं होतं, १,३६८ कोटी रुपये. दुसरीत सर्वांत मोठी रक्कम भारतीय जनता पक्षाची, सुमारे ६,०६० कोटी. सर्वांत मोठ्या देणगीदाराचा पैसा सर्वांत मोठ्या पक्षाकडे गेला असणार, असा तर्क कोणीही केला असता. २१ मार्चला रोख्यांचे क्रमांक जाहीर झाले आणि एका रात्रीत लोकांनी संगणकावर दोन्ही याद्या जुळवल्या. त्या कंपनीच्या रोख्यांतला सर्वांत मोठा वाटा तृणमूल काँग्रेसकडे गेला होता, सुमारे ५४२ कोटी. त्याखालोखाल द्रमुककडे सुमारे ५०३ कोटी. द्रमुकने आपल्याला कोणी दिलं ते आधीच आयोगाला सांगितलं होतं. भाजपकडे त्यातले सुमारे १०० कोटी गेले होते. दोन याद्या असूनही मधला क्रमांक नसेल तर माणूस किती आत्मविश्वासाने चुकीच्या निष्कर्षावर जाऊ शकतो, हे या एका आठवड्याने दाखवलं. अर्धवट माहितीमुळे निरपराध माणूस संशयात येतो आणि अपराधी सुटतो, म्हणून जुळणीचा आग्रह धरायचा.

आता पैसा कोणत्या वाटेने जातो

रोखे गेले. आता कंपनीसमोर दोन सरळ वाटा आहेत: थेट पक्षाच्या बँक खात्यात, किंवा इलेक्टोरल ट्रस्टमार्फत.

थेट देणगीत जुळणी शक्य आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ सी प्रमाणे, वर्षात २० हजार रुपयांहून जास्त देणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची आणि कंपनीची माहिती पक्षाला फॉर्म २४ए मध्ये आयोगाला द्यावी लागते. त्यात नाव, पत्ता, पॅन, रक्कम आणि देण्याचा प्रकार असतो. अहवाल दिला नाही तर पक्षाची आयकर सवलत जाते. इथे दोन आकड्यांची नेहमी गल्लत होते. दोन हजार ही रोख देणगीची मर्यादा आहे आणि २० हजार ही नाव सांगण्याची. वीस हजारांपर्यंतच्या देणग्यांची नावं सांगायची सक्ती नाही. बहुतेकदा एकूण बेरीज तेवढी कळते.

इलेक्टोरल ट्रस्ट ही २०१३ च्या योजनेतून आलेली व्यवस्था. ट्रस्ट म्हणजे नफ्यासाठी नसलेली कंपनी. तिने वर्षात जमा झालेल्या रकमेपैकी किमान ९५ टक्के रक्कम ३१ मार्चपर्यंत पक्षांना वाटायची असते. ती रोख घेत नाही, भारतीय देणगीदारांकडून पॅन घेते आणि आयोगाला अहवाल देते. रोख्यांपेक्षा हे कितीतरी बरं, कारण देणारा आणि घेणारा दोघांची नावं उघड होतात. पण मधला क्रमांक इथेही नाही. समजा एका ट्रस्टकडे १२ ऑक्टोबरला एका कंपनीचे १० कोटी आणि १४ ऑक्टोबरला दुसरीचे १५ कोटी आले. १६ तारखेला एका पक्षाला २० कोटी गेले आणि १८ तारखेला दुसऱ्याला ५ कोटी. कोणाचा रुपया कोणाकडे गेला? हौदात ओतलेल्या दोन घागरींचं पाणी वेगळं करता येत नाही. कंपनीच्या नफा-तोटा पत्रकात सहसा ट्रस्टचं नाव येतं, पक्षाचं येत नाही. दहा कोटी आले आणि दोनच दिवसांत नेमके दहा कोटी बाहेर गेले, मध्ये दुसरं काही आलं नाही, अशा वेळी तारखांवरून अंदाज बांधता येतो. तो पुरावा नव्हे. ज्या ट्रस्टमध्ये एकाच उद्योगसमूहाचा पैसा येतो तिथे मात्र हा प्रश्न उरत नाही. आमच्या मते कायद्यात सगळ्यात आधी बुजवायचं भोक हेच आहे: कंपनीने ट्रस्टला काही सूचना दिली होती का, हे दोघांनीही लिहून द्यावं.

करसवलतीबद्दल एक गैरसमज आहे. आयकर कायदा १९६१ च्या कलम ८० जीजीबी प्रमाणे कंपनीला पक्षाला किंवा ट्रस्टला दिलेल्या पूर्ण रकमेची वजावट मिळत आली. पण ज्या कंपन्यांनी २२ टक्क्यांच्या सवलतीच्या कराचा पर्याय निवडला त्यांना ही वजावट नाही. त्यामुळे 'कर वाचवायला देणगी दिली' हे उत्तर प्रत्येक कंपनीच्या तोंडी शोभत नाही.

घरी बसून कसं तपासायचं

कंपनी सूचिबद्ध असेल तर बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावरून तिचा वार्षिक अहवाल उतरवून घ्या. एकत्रित हिशेब बाजूला ठेवा आणि स्वतंत्र हिशेब उघडा, कारण मर्यादा प्रत्येक कंपनीला वेगळी लागू होते. 'इतर खर्च' या टिपेपर्यंत जा. तिथे राजकीय देणगी, इलेक्टोरल ट्रस्ट, किंवा नुसतंच 'देणग्या' असं लिहिलेलं असतं. नुसतंच 'देणग्या' असेल आणि रक्कम मोठी असेल तर तळटीप वाचा. मग उपकंपन्यांकडे वळा. मोठ्या समूहात देणगी मुख्य कंपनीऐवजी एखाद्या अनोळखी नावाच्या उपकंपनीतून जाते आणि एकत्रित हिशेबात ती विरघळून जाते. सूचिबद्ध कंपनीने प्रत्येक उपकंपनीचे स्वतंत्र हिशेब आपल्या संकेतस्थळावर ठेवायचे असतात. सूचिबद्ध नसलेल्या कंपनीचे हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात.

दुसऱ्या खिडकीत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरचा त्याच वर्षाचा पक्षाचा देणगी अहवाल उघडा. तो बहुतेकदा स्कॅन केलेला असतो, शोध चालत नाही, पान पान वाचावं लागतं. नावावर विसंबू नका. 'प्रायव्हेट लिमिटेड' कधी 'प्रा. लि.' होतं, स्पेलिंग बदलतं, समूहाचं नाव गळतं. पॅन, पत्ता आणि रक्कम या तीन खुणांनी जुळवा.

कंपनी नवीन आहे का, हे तिच्या ओळख क्रमांकातच लिहिलेलं असतं. या २१ खुणांच्या सीआयएनमध्ये पहिलं अक्षर एल असेल तर सूचिबद्ध, यू असेल तर नाही. पुढचे पाच आकडे उद्योगाचे, मग राज्याची दोन अक्षरं, महाराष्ट्रासाठी एमएच, गोव्यासाठी जीए. त्यानंतरचे चार आकडे म्हणजे स्थापनेचं साल. तीन आर्थिक वर्षांची अट पाळली गेली का, याचा पहिला अंदाज एवढ्यावर येतो.

अडचण वेळेची आहे. महाराष्ट्र विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं. त्याआधी ऑक्टोबरात दिलेली देणगी २०२४-२५ च्या हिशेबात जाते. कंपनीची वार्षिक सभा सप्टेंबर २०२५ पर्यंत, पक्षाच्या अहवालाची मुदत त्यानंतर. मतदाराला हे कळायचं ते मतदानानंतर जवळपास वर्षाने, आणि तोवर मंत्रिमंडळाचे कितीतरी निर्णय होऊन गेलेले असतात. देणगी मिळाल्यावर ठरावीक दिवसांत जाहीर करायची सक्ती नसेल तर उमेदवारांच्या खर्चावर मर्यादा घालूनही फारसं साधत नाही. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे, गोव्यात २८ लाखांची. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही, आणि कंपन्यांचा पैसा जातो पक्षाकडे.

जे या नोंदींत येतच नाही तेही लक्षात असू द्या. नाममात्र भाड्याने दिलेलं विमान, सवलतीत दिलेली होर्डिंगची जागा, फुकट वापरू दिलेलं सभागृह. पैसा हललाच नाही तर बँकेच्या नोंदीत काही उमटत नाही. व्यापारी संघटनांमार्फत सरकारी धोरणावर टाकलेला दबावही इथे दिसत नाही. त्यासाठी सर्वांत मोठ्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सक्तीचा केलेला बीआरएसआर, म्हणजे जबाबदार व्यवसायाबद्दलचा, अहवाल बघायचा. त्यातलं सातवं तत्त्व सार्वजनिक धोरणांवरच्या प्रभावाबद्दल आहे. कंपनी कोणत्या संघटनांची सभासद आहे ते तिथे द्यावं लागतं. पक्षांना दिलेल्या पैशाचा वेगळा रकाना तिथे नाही, तो असायला हवा.

पक्षांकडे माहिती अधिकारात अर्ज करून बघण्याचा उपाय कागदावर आहे. केंद्रीय माहिती आयोगाने जून २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना सार्वजनिक प्राधिकरण ठरवलं होतं. पक्षांनी तो आदेश पाळला नाही. त्यामुळे व्यवहारात भागधारकाचाच दरवाजा उघडा राहतो.

त्या दरवाजाने आत जायला एक शेअर पुरतो. वार्षिक सभेची सूचना किमान २१ दिवस आधी येते आणि सभा ऑनलाइन असेल तर बोलण्यासाठी कधीपर्यंत नोंदणी करायची हे त्यात लिहिलेलं असतं. प्रश्न मोघम नको. 'देणग्या का देता' असं विचारलं की 'कायद्याच्या चौकटीत देतो' एवढंच उत्तर मिळतं. ठरावाची तारीख कोणती, कलम १९८ प्रमाणे सरासरी नफा किती धरला, ट्रस्टला दिले असतील तर पक्षाबद्दल काही कळवलं होतं का, स्मरणिकांतल्या जाहिराती या रकमेत धरल्या का, उपकंपन्यांनी वेगळं किती दिलं, असं एकेक विचारा आणि नोंदणी करतानाच लेखी पाठवा. सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त भागधारकाला फुकट पाहता येतं आणि प्रत मागितली तर कामाच्या सात दिवसांत द्यावी लागते. संचालक मंडळाच्या सभेचं इतिवृत्त मात्र त्याला उघडता येत नाही. म्हणून तिथे जे ठरलं ते इथे विचारून घ्यायचं, आणि प्रश्न आणि उत्तर दोन्ही इतिवृत्तात आले आहेत का ते प्रत हातात आल्यावर तपासायचं.